रंग न घालता पेशीची भूक बघायची कशी?

नोटा तपासायची जांभळी टॉर्च आजकाल मोबाईलच्या दुकानातही स्वस्तात मिळते. तसली टॉर्च घेऊन उन्हाळ्यातल्या अंधाऱ्या रात्री दगडी बांधाच्या कडेनं फिरलं, तर साध्या बॅटरीत मातीच्या रंगात मिसळून गेलेला विंचू एकदम हिरवट-निळा झगमगताना दिसतो. (पायात बूट घालून फिरा, हे सांगायला नको.) विंचवाच्या कवचातली काही रसायनं अतिनील किरण शोषून घेतात, त्यातली थोडी ऊर्जा जिरवतात आणि उरलेली डोळ्यांना दिसेल अशा उजेडाच्या रूपात बाहेर टाकतात. टॉर्च बंद केली की चमक गेली. या प्रकाराला फ्लुरोसन्स हे नाव जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञानं १८५२ साली दिलं. त्यानं अभ्यासलं होतं क्विनाइनचं द्रावण, म्हणजे हिवतापावरचं तेच कडूजहर औषध.

विंचू मेला तरी चमकतो. प्राणीशास्त्राच्या प्रयोगशाळेत स्पिरिटच्या बरणीत वर्षानुवर्षं पडून असलेला विंचूही चमकतो, कारण ती चमक कवचाची असते. मला इथं लिहायचं आहे ते दुसऱ्या एका चमकीविषयी. ती आपल्या प्रत्येक जिवंत पेशीत असते, इतकी मंद की नुसत्या डोळ्यांना कधीच दिसायची नाही, आणि पेशी काय खाते, ऑक्सिजन कसा वापरते यावर ती सेकंदासेकंदाला कमी-जास्त होते. पेशीला हात न लावता, रंग न घालता, न मारता तिच्या चयापचयाचा अंदाज घ्यायला शास्त्रज्ञ हीच चमक वापरतात.

सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मुळात बिनरंगी दिसतात. म्हणून त्यांना रंग देतात, चमकणारी प्रतिपिंडं चिकटवतात, नाहीतर चमकणारं प्रथिन तयार करणारा जनुक पेशीत घालतात. या सगळ्यात पेशीच्या अंगची चमक म्हणजे कटकट. आपण घातलेला रंग नीट दिसावा म्हणून ती घालवायचे नाना उपाय लोक करतात. गंमत अशी, की एकाची कटकट ती दुसऱ्याची मोजपट्टी झाली. त्याचं श्रेय दोन रेणूंना आहे: एनएडीएच आणि एफएडी.

लातूरला नीटची तयारी करणाऱ्या पोरांना ही नावं पाठ असतात. एका ग्लुकोजमागे १० एनएडीएच, २ एफएडीएच-टू, त्यांचे इतके एटीपी, म्हणजे पेशीची ऊर्जेची सुटी नाणी. (जुन्या पुस्तकांत ३६ किंवा ३८, आताच्या हिशेबात साधारण ३० ते ३२, परीक्षेला कोणता आकडा लिहायचा यावर वाद घालणारे सर मी पाहिले आहेत.) पण हे रेणू पाठ करताना एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, ती म्हणजे यातले काही चमकतात आणि काही चमकत नाहीत. सगळी मेख तिथं आहे.

गळीत हंगामात साखर कारखान्याच्या गेटवर काय चाललेलं असतं, ते मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. फडातून उसानं भरलेल्या ट्रॉल्या येतात, वजनकाटा करून गव्हाणीत ऊस रिकामा करतात आणि मोकळ्या होऊन परत फडाकडे जातात. पेशीत ट्रॉलीचं काम एनएडी करतो. अन्नाचे तुकडे होताना निघालेले इलेक्ट्रॉन तो उचलतो. भरला की तो एनएडीएच. मग तो मायटोकॉन्ड्रियातल्या, म्हणजे पेशीच्या वीजघरातल्या, श्वसनसाखळीकडे माल उतरवतो आणि पुन्हा रिकामा एनएडी होतो. साखळीच्या शेवटच्या टोकाला ऑक्सिजन हे इलेक्ट्रॉन स्वीकारतो आणि त्याचं पाणी होतं. आपण श्वास घेतो तो मुख्यतः याच शेवटच्या पायरीसाठी.

आता यातली भरलेली ट्रॉली चमकते, रिकामी चमकत नाही. एनएडीएचवर ३४० नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण टाकले, की तो ४६० नॅनोमीटरच्या जवळपास निळा उजेड देतो. रिकामा एनएडी अंधारात. एफएडी ही पेशीतली दुसरी ट्रॉली, तिचं बरोबर उलटं. तो रिकामा असताना चमकतो: ४५० नॅनोमीटरचा निळा उजेड घेऊन ५३० च्या आसपास हिरवा देतो, आणि भरला, म्हणजे एफएडीएच-टू झाला, की त्याची चमक जवळजवळ जाते. म्हणजे पेशीचे दोन फोटो काढायचे, एक निळ्यासाठी आणि एक हिरव्यासाठी. निळा वाढला म्हणजे भरलेल्या ट्रॉल्या साठल्या. हिरवा वाढला म्हणजे गाड्या मोकळ्या आहेत.

एफएडी येतो ब-२ जीवनसत्त्वापासून, म्हणजे रायबोफ्लेविनपासून. दूध नासल्यावर निवळीवर जी पोपटी झाक दिसते ती त्याचीच, आणि बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते तीही त्याच्याचमुळे. पुष्कळ लोक घाबरतात, पण शरीरानं नको असलेला जादा माल बाहेर टाकलेला असतो, एवढंच. एनएडीचा कच्चा माल म्हणजे ब-३, नायसिन. त्याची गोष्ट जरा मोठी आहे आणि ती आपल्या भाकरीशी जोडलेली आहे, म्हणून पुढे सविस्तर सांगतो.

आधी ज्वारीचीच दुसरी एक गोष्ट. कोवळी ज्वारी, विशेषतः पावसाचा ताण पडलेली किंवा कापणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेली, जनावरांना चारू नये, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही जाणत्या शेतकऱ्याला माहीत असतं. ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत थांबा, असं पशुवैद्यकही सांगतात. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचं रसायन असतं. जनावरानं पाला चावला, की पानातल्या पेशी फुटतात, धुरिनची विकराशी, म्हणजे एन्झाइमशी, गाठ पडते आणि सायनाईड मोकळं होतं. गाय-म्हशीच्या कोठीपोटातले जिवाणूही त्याला हातभार लावतात. थोड्याच वेळात जनावर धापा टाकायला लागतं, थरथरतं, कोसळतं. डॉक्टर वेळेत आले तर सोडियम थायोसल्फेटसारखं औषध शिरेतून देतात. नीट वाळलेल्या कडब्याचा धोका बराच कमी, कारण वाळताना बरंचसं सायनाईड उडून जातं.

अशा जनावराच्या शिरेतलं रक्त लालभडक दिसतं. शिरेतलं रक्त खरं तर काळपट हवं, कारण त्यातला ऑक्सिजन पेशींनी वापरलेला असतो. इथं ऑक्सिजन पेशींच्या दारापर्यंत पोहोचलेला असतो, पण पेशींना तो घेता येत नाही. सायनाईड श्वसनसाखळीतल्या शेवटच्या विकराला, सायटोक्रोम सी ऑक्सिडेजला, पाचर मारतं. कारखान्याची मिल बंद पडली, की गव्हाण थांबते आणि भरलेल्या ट्रॉल्यांची रांग पार रस्त्यावर येते, तसा पेशीत एनएडीएच साठत जातो.

आता हेच प्रयोगशाळेत बघा. काचेच्या तळाच्या छोट्या बशीत जिवंत पेशी वाढवलेल्या आहेत. तापमान ३७ अंश. त्या ज्या पोषक द्रवात वाढतात त्यात सहसा फिनॉल रेड नावाचा लालसर रंग असतो, आणि रायबोफ्लेविनही असतं. ही दोन्ही स्वतःच उजेड देतात, म्हणून फोटो काढण्याआधी तो द्रव काढून साधा, बिनरंगी द्रव घालायचा. बारीक गोष्ट, पण ही विसरली तर आपण पेशीऐवजी तिच्या जेवणाचे फोटो काढत बसतो. पडद्यावर पेशी फिकट निळी दिसते. तिच्या मधोमध केंद्रकाच्या जागी काळसर पोकळी, कारण तिथं एनएडीएच कमी. केंद्रकाभोवती धाग्यांसारखी, तुटक, जास्त उजळ जाळी दिसते. ते मायटोकॉन्ड्रिया. या द्रवात अगदी थोडं सायनाईड सोडलं, की काही मिनिटांत ती जाळी डोळ्यांदेखत उजळते आणि त्याच वेळी हिरवा फोटो मंदावतो. याउलट एफसीसीपी नावाचं रसायन सोडलं, तर श्वसनसाखळी बेलगाम धावते, एनएडीएच फटाफट रिकामा होतो आणि निळी चमक विझत जाते.

हे दोन प्रयोग नुसती गंमत म्हणून करत नाहीत. एफसीसीपीनंतरची चमक म्हणजे खालची हद्द आणि सायनाईडनंतरची म्हणजे वरची. पेशीची मूळ चमक या दोघांमध्ये कुठं बसते ते मोजलं, तरच आकड्याला अर्थ येतो. एका सूक्ष्मदर्शकावर आलेला नुसता 'उजळपणा' दुसऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या आकड्याशी ताडून बघता येत नाही. लेझर किती जोरात लावला, भिंग कोणतं, यावर तो ठरतो.

या विषयाचा पाया ज्यांनी घातला त्यांत ब्रिटन चान्स यांचं नाव सगळ्यात आधी घ्यावं लागतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला हा माणूस. १९६२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत उंदराच्या मेंदूवर आणि मूत्रपिंडावर उजेड टाकून दाखवलं, की ऑक्सिजन तोडला की चमक वाढते आणि परत दिला की उतरते. रक्त काढलं नाही, तुकडा कापला नाही, नुसता उजेड. चान्स शिडाच्या होड्यांच्या शर्यतीतही पक्के होते आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांच्या चमूनं सुवर्णपदक जिंकलं. त्याच हेलसिंकीत आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ मिळवलं होतं. दोघांची गाठ पडली की नाही, देव जाणे.

चान्स यांनी निळ्या-हिरव्याचं गुणोत्तर मांडलं आणि त्याला रेडॉक्स गुणोत्तर म्हणतात. दोन्ही चमकींचं गुणोत्तर घेतलं, की पेशी जाड आहे की पातळ, उजेड कमी पडला की जास्त, यातून येणारा घोळ बराच कमी होतो. पण एक इशारा. काही प्रयोगशाळा एनएडीएच भागिले एफएडी असं गुणोत्तर घेतात, काही बरोबर उलटं, तर काही एफएडीला दोघांच्या बेरजेनं भागतात. त्यामुळे एका शोधनिबंधात 'गुणोत्तर वाढलं' म्हणजे जे, दुसऱ्यात त्याच्या नेमकं विरुद्ध असू शकतं. विद्यार्थ्यांनो, निष्कर्ष वाचण्याआधी पद्धतीच्या भागातलं ते एक सूत्र शोधा. निम्मा गोंधळ तिथंच मिटतो.

उरलेला निम्मा गोंधळ जास्त खोल आहे. कारखान्याच्या गेटवरचा वरून काढलेला एकच फोटो तुमच्या हातात आहे असं समजा. भरलेल्या ट्रॉल्यांची लांब रांग दिसतेय. याचा अर्थ कारखाना बंद पडलाय? की तोडणी टोळ्या जास्त आल्यात आणि कारखाना पूर्ण क्षमतेनं चालूनही ऊस आवरत नाही? फोटोवरून सांगता येत नाही. चमकीचंही तसंच आहे. तिच्यावरून ठरावीक क्षणी भरलेले रेणू किती, एवढं कळतं. माल किती वेगानं वाहतोय ते कळत नाही. निळी चमक वाढलेली दिसली आणि लगेच 'चयापचय वाढला' असं लिहून मोकळं झालेले लेख मी वाचले आहेत, आणि 'मंदावला' असं लिहिलेलेही. सोबत ऑक्सिजन किती खर्च झाला किंवा लॅक्टिक आम्ल किती बाहेर आलं हे मोजलेलं नसेल, तर दोन्ही वाक्यं हवेत.

इथं कामाला येतो चमकीचा काळ. किरण पडल्यापासून रेणू उजेड परत टाकेपर्यंत जो वेळ जातो, तोही मोजता येतो. तो नॅनोसेकंदात असतो, म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. एका नॅनोसेकंदात प्रकाश जेमतेम ३० सेंटिमीटर जातो. मोकळा फिरणारा एनएडीएच सुमारे ०.४ नॅनोसेकंदात विझतो. तोच एनएडीएच एखाद्या विकराला चिकटलेला असेल तर चमक २ ते ३ नॅनोसेकंद, कधी त्याहूनही जास्त टिकते. मोकळ्या रेणूत त्याचे दोन भाग एकमेकांवर दुमडून बसतात आणि ऊर्जा लवकर जिरते. विकराच्या खोबणीत तो उलगडून ताठ बसतो, म्हणून उजेड द्यायला त्याला उसंत मिळते. एफएडीचं इथंही उलटं: मोकळा असताना चमक लांब, प्रथिनाला चिकटल्यावर आखूड.

म्हणजे आता फोटोत भरलेल्या ट्रॉल्या किती एवढंच नाही, तर त्यातल्या किती गव्हाणीला लागल्यात आणि किती नुसत्या यार्डात उभ्या आहेत, हेही दिसायला लागलं. शिवाय वेगवेगळ्या विकरांना चिकटल्यावर हा काळ थोडा थोडा बदलतो. या मोजणीतून जिवंत पेशीचा नकाशा काढण्याचं तंत्र १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आकाराला आलं. जोसेफ लाकोविझ आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मोकळ्या आणि प्रथिनाला जोडलेल्या एनएडीएचची चित्रं या पद्धतीनं वेगळी करून दाखवली. आज लेझरचे सेकंदाला काही कोटी ठोके पडतात, शोधक प्रत्येक ठोक्यानंतर एकेक फोटॉन कधी आला त्याची नोंद घेतो, आणि चित्राच्या प्रत्येक ठिपक्यासाठी या नोंदींचा आलेख तयार होतो. चमक मुळात मंद, त्यामुळे पुरेसे फोटॉन जमायला एका चित्राला वेळ लागतो. मोबाईलच्या कॅमेऱ्यासारखं खटकन काम होत नाही.

अतिनील किरणांची आणखी एक अडचण आहे. ते पेशीला इजा करतात आणि ऊतीत खोल जात नाहीत. यावरचा तोडगा एका जुन्या प्रबंधातून आला. मारिया गोपर्ट-मेयर यांनी १९३१ मध्ये गणितानं मांडलं होतं, की एकाच रेणूवर निम्म्या ऊर्जेचे दोन फोटॉन जवळजवळ एकाच क्षणी आदळले, तर त्यांची बेरीज होऊन तो रेणू चमकू शकतो. (त्यांना १९६३ मध्ये नोबेल मिळालं ते अणुकेंद्राच्या रचनेवरच्या कामासाठी; याचा त्याच्याशी संबंध नाही.) प्रत्यक्षात सूक्ष्मदर्शक निघाला १९९० मध्ये, कॉर्नेल विद्यापीठात, डेन्क, स्ट्रिकलर आणि वेब यांच्या हातून. आता एनएडीएचसाठी अतिनील किरणांऐवजी ७५० नॅनोमीटरच्या आसपासचा, लाल-अवरक्त सीमेवरचा लेझर वापरतात. तो ऊतीत जास्त खोल जातो, आणि दोन फोटॉन एकदम आदळण्याइतकी गर्दी फक्त भिंगाच्या नाभीत होत असल्यानं वर-खालचा भाग अंधारातच राहतो. पेशीला त्रासही कमी. अजिबात होत नाही असं मात्र नाही. लेझर जोरात लावला तर पेशी भाजतेच.

या सगळ्याचा उपयोग काय, हा प्रश्न एव्हाना मनात आला असेल. सगळ्यात मोठं उत्तर कर्करोगात आहे. ओटो वारबर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवलं, की गाठीतल्या पेशी ऑक्सिजन भरपूर असतानाही ग्लुकोजचं मोठ्या प्रमाणावर लॅक्टिक आम्ल करतात. हिशेबानं हा तोट्याचा धंदा आहे: एका ग्लुकोजमागे फक्त २ एटीपी. पण भराभर वाढणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकाच नव्या पेशी बांधायला कच्चा माल लागतो, आणि या वाटेनं तो मिळतो. कर्करोगाच्या रुग्णाचं पेट स्कॅन करतात ते गाठीच्या या ग्लुकोजच्या हावरेपणावरच चालतं. पण पेट स्कॅनला काही मिलिमीटरपेक्षा लहान डाग दिसत नाही, आणि चमकीच्या सूक्ष्मदर्शकाला एकेक पेशी दिसते.

२००७ मध्ये मेलिसा स्काला आणि सहकाऱ्यांनी हॅम्स्टरच्या गालाच्या पिशवीवर हे करून पाहिलं. हॅम्स्टर हा उंदरासारखा प्राणी, गालात दाणे साठवतो. त्या पिशवीच्या आतली कातडी तोंडाच्या कर्करोगाच्या अभ्यासाला वापरतात. कर्करोग व्हायच्या आधीच्या पायरीवरच प्रथिनाला जोडलेल्या एनएडीएचचा वाटा आणि त्याचा चमकीचा काळ, दोन्ही कमी झालेले त्यांना दिसले. मला त्यांचं आणखी एक निरीक्षण जास्त महत्त्वाचं वाटतं. निरोगी पेशीपेक्षा रोगाच्या वाटेवर असलेल्या पेशीत, एकाच पेशीच्या आत जागोजागी, चमकीतला फरक जास्त असतो. तुकडा वाटून त्याची सरासरी काढणाऱ्या तपासणीत हा फरक हरवून जातो.

गालाची कातडी म्हटलं की आपल्याकडे गुटखा आठवणारच. महाराष्ट्रात त्यावर २०१२ पासून बंदी आहे. पुड्या कुठं मिळतात ते शाळेतल्या पोरालाही विचारा. तंबाखू-चुना, सुपारी, मिश्री हे तर उघडच चालतं, आणि तोंडाचे रुग्ण जिल्ह्याजिल्ह्यांतून छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयापर्यंत येतात. तोंड तपासायला हातात धरायची निळ्या उजेडाची उपकरणं आहेत, काही दंतवैद्य ती वापरतात. ४०० ते ४६० नॅनोमीटरचा उजेड टाकला, की निरोगी कातडी हिरवट चमकते आणि संशयास्पद भाग काळपट दिसतो. तत्त्व आपण पाहिलं त्याच घराण्यातलं, पण इथली चमक फक्त चयापचयाची नसते. कातडीखालचं कोलॅजेन स्वतः चमकतं. रोगात ते विस्कटतं, आणि वाढलेल्या रक्तवाहिन्यांमधलं हिमोग्लोबिन उजेड खाऊन टाकतं. त्यामुळे साधी सूज, दातानं चावलेली जागा, तोंड आलेलं, हेही काळंच दिसतं. काळा डाग दिसला म्हणजे कर्करोग नव्हे, आणि न दिसला म्हणजे सुटलो असंही नव्हे. तुकडा काढून तपासणं हाच शेवटचा शब्द आहे. तुकडा काढला की रोग पसरतो, या भीतीनं महिनोन्महिने घरी बसणारे लोक आहेत. पसरतो तो उशीर केल्यानं.

आता नायसिनची राहिलेली गोष्ट. शरीरात एनएडी बनायला नायसिन लागतं, किंवा मग ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल, ज्याच्या साधारण ६० मिलिग्रॅममधून १ मिलिग्रॅम नायसिन तयार होतं. दोन्ही कमी पडली तर पेलाग्रा होतो: उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळपट खरबरीत चट्टे, जुलाब, आणि शेवटी बुद्धिभ्रंश. जगभर हा मक्यावर जगणाऱ्या गरिबांचा रोग मानला जायचा. दख्खनच्या पठारावर, हैदराबादच्या आसपास, तो ज्वारी खाणाऱ्यांमध्ये दिसला. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेतले डॉ. सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडलं, की ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असल्यामुळे नायसिनच्या चयापचयात बिघाड होत असावा. या मतावर पुढे बराच वाद झाला, सगळ्या प्रयोगांत ते टिकलं नाही. पण निव्वळ भाकरीवर दिवस काढावे लागणाऱ्यांना हा धोका होता, हे निरीक्षण पक्कं होतं. भाकरीबरोबर वरण, आणि शेंगदाण्याची चटणी, हे जेवण त्या दृष्टीनं फार शहाणपणाचं आहे. शेंगदाण्यात नायसिन भरपूर. तेव्हा ज्वारीला दोष देऊन कुणी ती सोडू नये. दोष गरिबीचा होता.

सूक्ष्मदर्शकाच्या बाबतीत आणखी काही अडचणी आहेत, त्या झटपट सांगतो. एनएडीएचचा भाऊ एनएडीपीएच, जो ऊर्जेऐवजी मेद बनवणं आणि ऑक्सिडेशनपासून बचाव करणं अशा कामांत असतो, तो रंगानं अगदी सारखाच चमकतो. नुसत्या रंगावरून त्यांना वेगळं काढता येत नाही, म्हणून शोधनिबंधांत दोघांना मिळून एकच नाव लिहितात. म्हातारपणी पेशींत लायपोफ्यूसिन नावाचा पिवळट कचरा साठतो, तोही चमकतो आणि हिरव्या फोटोत घुसखोरी करतो. झाडांच्या पानांत तर हरितद्रव्याची लाल चमक इतकी जोरदार, की बाकी काही बघणं अवघड. आणि फॉर्मालिनमध्ये बुडवलेल्या नमुन्यावर हा अभ्यास करण्यात अर्थ नाही: चमक वाढलेली दिसते, पण चयापचय केव्हाच थांबलेला असतो.

सध्या मला सगळ्यात आशादायक वाटतं ते रक्तातल्या टी-पेशींवरचं काम. या आपल्या लढवय्या पेशी. झोपेत असताना त्या थोडक्या ऊर्जेवर भागवतात, शत्रूची चाहूल लागली की ग्लुकोजवर तुटून पडतात, आणि हा बदल एनएडीएचच्या चमकीच्या काळात उमटतो. विस्कॉन्सिनमधल्या स्काला यांच्याच गटानं २०२१ मध्ये दाखवलं, की माणसाच्या रक्तातल्या टी-पेशी जाग्या आहेत की झोपलेल्या, हे कुठलाही रंग न लावता एकेका पेशीपुरतं ओळखता येतं. कर्करोगावरच्या कार-टी उपचारात रुग्णाच्या टी-पेशी बाहेर काढून, त्यांत बदल करून, वाढवून परत त्याच्याच शरीरात सोडतात. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहभागातून घडलेल्या भारतीय कार-टी उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ज्या पेशी परत माणसाच्या अंगात जाणार, त्यांना तपासणीसाठी रंग लावायचा म्हणजे तेवढ्या पेशी वाया गेल्या. नुसत्या उजेडानं तपासलेल्या पेशी मात्र तशाच वापरता येतील. त्या रुग्णाच्या शरीरात गेल्यावर किती दिवस टिकतील आणि गाठीशी किती जोरानं लढतील, हे त्यांच्या चमकीवरून आधी सांगता येईल का, त्यावर आता काम चालू आहे.